सहाशे वाक्यांतली बारा

१

"क्रमांक सदतीस," मशीन म्हणालं. क्षणभर थांबून पुढं म्हणालं, "पाणी तापलंय, अंघोळ करून घ्या."

आवाज केशरबाईंचा होता. केशरबाई स्वतः मात्र तोंड मिटून खुर्चीत बसल्या होत्या. हातात पेन्सिल, समोर छापील यादी. आता तेच वाक्य पुन्हा ऐकू यायचं होतं, पण या वेळी मूळचं, दोन महिन्यांपूर्वी काचेच्या खोलीत बसून त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलेलं. दोन्ही जुळली तर बरोबरची खूण, नाही जुळली तर फुली. हेच त्यांचं काम.

मूळ वाक्य आलंच नाही. पडद्यावर एक लाल ओळ उमटली आणि मशीन गप्प झालं.

सुरतेत भेस्तानला योगिताच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मशीनला द्यायचे हुकूम भूपेंद्रनं आधीच लिहून ठेवलेले असत. बोल, थांब, मूळ ऐकव, पुढचं घे. मशीन ते ओळीनं पाळत जाई. योगितानं हुकूम पुन्हा चालवले. तिसऱ्या हुकमावर मशीन पुन्हा अडलं. तिनं आतला कप्पा उघडून बघितला. छत्तीस होतं, अडतीस होतं. सदतीस नव्हतं.

तासाभरानं हिशेब लागला. सहाशे वाक्यांपैकी बारा नाहीशी झाली होती. दुसरी प्रत एका वेगळ्या डब्यात असायची, पण तो डबा दर तासाला इथलं बघून स्वतःला तसंच करून घ्यायचा. इथून जे गेलं ते तिथूनही गेलं होतं.

योगितानं डोकं धरलं. समोर ठेवलेलं कुठलंही मराठी पान माणसाच्या आवाजात वाचून दाखवणारं हे मशीन तिनं दोन वर्षं खपून उभं केलं होतं. नवसारीची एक अंधांची संस्था ते घेणार होती. शनिवारी त्यांची माणसं येऊन सहाशे वाक्यं, मशीनची आणि मूळची, शेजारी शेजारी ऐकणार होती. सहाशे म्हणजे सहाशे, अशी त्यांची अट. नाहीतर पुण्याहून आलेला तयार आवाज मशीनमध्ये बसणार होता आणि केशरबाईंचा आवाज पुसला जाणार होता. आज गुरुवार होता.

"पुन्हा बोलून घेऊ का, मावशी?" योगितानं विचारलं आणि विचारल्याबरोबर तिचं तोंड उतरलं.

केशरबाईंनी गळ्याला हात लावला. महिनाभरापासून त्यांचा आवाज जुन्या बिजागरीसारखा झाला होता. गळ्यात गाठ होती. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी त्यांना एकटीला बसवून सांगितलं होतं, आवाज परत येईल किंवा येणारही नाही. ही गोष्ट त्यांनी फक्त योगिताला सांगितली होती. घरी नवऱ्याला एवढंच माहीत होतं की लहानशी गाठ आहे, दोन दिवसांत काढून सोडतील.

म्हणजे गेलेली बारा वाक्यं आता जगात कुठंच पुन्हा बोलली जाणार नव्हती.

"भूपेंद्रनंच केलं असेल," योगिता हळू आवाजात म्हणाली. "त्याला पहिल्यापासून पुण्याचा आवाज पाहिजे होता. मी आत्ता विचारते त्याला."

"नको," केशरबाई म्हणाल्या. "आरडाओरडा झाला तर ज्यानं नेलं तो घाबरून फेकून देईल. मग कुठून आणशील? मला उद्या दुपारपर्यंत वेळ दे."

तेवढ्यात बाजीराव चहा घेऊन आले. बाजीराव म्हणजे केशरबाईंचा नवरा आणि या ऑफिसचा शिपाई. झाडलोट करणं, पाणी भरणं, सकाळी मशीनं चालू करून ठेवणं आणि चहा, ही त्यांची कामं. त्यांच्यामुळंच केशरबाई इथं आल्या. वर्षभरापूर्वी त्यांनी जिन्याखाली उभं राहून "अहो, डबा राहिला" अशी हाक मारली होती आणि वर बसलेली योगिता धावत खाली आली होती. मला हाच आवाज पाहिजे, म्हणाली.

योगितानं घोट घेतला. "काका, आज पण चहा गार."

बाजीरावांनी मान हलवली आणि कप उचलून निघून गेले.

२

केशरबाई एक्कावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकल्या. त्याआधीची तीस वर्षं त्यांनी गोडादऱ्यात मागांच्या कारखान्यात बॉबिनवर सूत भरण्यात घालवली. चाळीस मागांच्या खडखडाटात कुठला माग अडखळतोय ते त्या पाठमोऱ्या बसून सांगत. वाचायला यायच्या आधीपासून त्यांना ऐकायला येत होतं, आणि माणूसही त्या तसाच ऐकत. काय बोलतो त्यापेक्षा कुठं अडखळतो ते.

भूपेंद्र पहिल्याच प्रश्नाला अडखळला.

तो लिंबायतचा पोरगा, घरी अहिराणी, बाहेर गुजराती, कामात हुशार. मशीनचे हुकूम तोच लिहायचा. केशरबाईंनी शेजारी स्टूल ओढलं तेव्हा त्यानं पडद्यावरून नजर काढली नाही. बारा वाक्यं मशीनच्या चुकीनं जातील का, असं त्यांनी विचारलं. नाही जाणार, तो म्हणाला. मशीन चुकलं तर ओळीनं चुकतं, शंभराच्या शंभर उडवतं. असं मधूनच एक एक वेचून काढत नाही.

"म्हणजे माणसानं काढली."

"हो."

"तू लवकर येतोस ना हल्ली? नऊच्या आत?"

भूपेंद्रनं मान डोलावली. पंधरा दिवसांपासून येतोय, म्हणाला. सोमवारच्या आत काम संपवायचं आहे.

केशरबाईंनी सोमवार मनात टिपून ठेवला. संस्थेची माणसं शनिवारी यायची होती. सोमवारी काय आहे ते या पोराला कोणी सांगितलं?

"आणि पुण्याचा आवाज तूच तयार करून ठेवलास."

"ठेवला. तुमचा नको म्हणून नाही ठेवला." त्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरल्यासारखे दिसले. "मावशी, मला पुढचं विचारू नका. मी एका माणसाला शब्द दिलाय."

"कोणाला?"

तो उठला आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला. पाण्याची बाटली त्याच्या टेबलावर भरलेली होती.

३

संध्याकाळी घरी, गोडादऱ्याच्या खोलीत केशरबाई यादी घेऊन बसल्या. बाजीराव समोर लसूण सोलत होते. बोलणं त्यांचं पहिल्यापासूनच कमी. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला दोन कौतुकाचे शब्द सांगितल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. तिनंही कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. 'अहो' म्हटलं की भागत होतं.

खोली फार शांत वाटत होती. केशरबाईंनी फळीकडे बघितलं. फळीवर बाबासाहेबांच्या फोटोशेजारी कार्ड घालून वाजणारा छोटा रेडिओ असायचा. सकाळी त्यावर भीमगीतं लागायची. आज ती जागा रिकामी होती. आजच का? त्यांना आठवलं, बरेच दिवस गाणी ऐकली नव्हती.

"रेडिओ कुठं गेला अहो?"

"दुरुस्तीला दिलाय."

"कधी?"

"झाले पंधराएक दिवस." लसणाची पाकळी त्यांच्या बोटांतून निसटली.

केशरबाईंनी पुन्हा यादीत बोट घातलं. एक एक अक्षर धरत, ओठ हलवत त्या गेलेली वाक्यं वाचत गेल्या. अठ्ठ्याऐंशी: छत्री घेतली का? एकशे तीन: जेवून घ्या, गार होतंय. एकशे चौऱ्याहत्तर: दार लोटून घ्या. दोनशे साठ: उठा, सहा वाजले. चारशे सात: एवढं कशाला वाईट वाटून घेता?

योगितानं त्यांना सांगितलं होतं, घरात बोलता तशी शंभर वाक्यं तुमच्या मनानं सांगा. बाकीची पाचशे तिनं लिहून दिली होती. रेशनचं दुकान, विजेचं बिल, पुढचं स्थानक उधना, असली. त्या पाचशेंतलं एकही गेलेलं नव्हतं. बाराच्या बारा घरातली होती.

ज्याला मशीन बिघडवायचं तो असं करील? तो बिलाचीही नेईल, स्थानकाचीही नेईल, हाताला येतील ती नेईल. हे कोणीतरी ऐकून, निवडून नेलं होतं.

मग त्यांना आणखी एक दिसलं. चाचणी रोज पन्नास वाक्यांची व्हायची. बारा दिवसांत सहाशे झाली, आणि आज पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली तेव्हा चोरी कळली. पहिल्या पन्नासात सदतीस गेलं होतं. दुसऱ्या पन्नासात अठ्ठ्याऐंशी. तिसऱ्यात एकशे तीन. त्यांनी पेन्सिलीनं दर पन्नासाखाली रेघ मारली. प्रत्येक दोन रेघांच्या मध्ये गेलेलं वाक्य एकच होतं. कुठं दोन नाहीत, कुठं शून्य नाही.

रोज एक. शेवटचं पाचशे त्र्याण्णव. ते काल चाचणीत वाजलं होतं, म्हणजे आज सकाळीच गेलं.

त्यांनी ते वाचलं. 'मी इथंच आहे.'

असं मोजूनमापून, प्रत्येकातून एकच घेणारं माणूस त्यांनी कुठंतरी बघितलं होतं. कुठं ते आठवेना. बाजीरावांनी सोललेला लसूण त्यांच्यापुढं सरकवला आणि विचारलं, "फार वाचू नकोस. डोळे दुखतात का?"

४

शुक्रवारी सकाळी केशरबाई चंचलकडे गेल्या. चंचल ऑफिसातली सगळ्यात लहान. वाक्यं भरून घेणं, त्यांना क्रमांक देणं, कप्प्यात लावणं हे तिचं काम. तोंडात गुजराती आणि मराठीची खिचडी. काय झालं ते तिला कळलं होतं आणि तिनं आधीच रडून घेतलं होतं.

"मासी, सगळे मलाच धरशे. कप्पो माझो छे ना."

केशरबाईंनी तिला रुमाल दिला. तिच्या उघड्या खणात त्यांना रेडिओत घालायच्या कार्डाची दोन रिकामी पाकिटं दिसली. नखाएवढं कार्ड, पण त्यात हजार वाक्यं मावतील. ही कोणाची, असं त्यांनी सहज विचारलं.

चंचल दचकली नाही. एक माझं, म्हणाली, गरब्याची गाणी भरली. दुसरं काकांनी मागवलं. नवी भीमगीतं पाहिजे होती त्यांना, रेडिओसाठी. मीच भरून दिली, आणि कशी भरतात ते त्यांनी शेजारी उभं राहून बघितलं.

"कधी?"

"थया पंदर दिवस."

दुरुस्तीला दिलेल्या रेडिओसाठी कोणी नवं कार्ड घेतं का?

तरी त्यांचं मन मानेना. बाजीरावांना अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी चंचलला म्हटलं, मला दाखव बरं, एक वाक्य कार्डात कसं न्यायचं ते. चंचलनं कप्पा उघडला. आत नुसते आकडेच होते, एकापासून सहाशेपर्यंत. वाक्यं लिहिलेलीच नव्हती. आकडे तर बाजीरावांना येत होते. कापडाच्या मार्केटात साड्यांचे डिझाइन नंबर वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"एक आकड्यावर बोट ठेवायचं," चंचल म्हणाली. "मग वरच्या पट्टीत ही चित्रं. आ बे कागळ एकावर एक दिसतात ना, ते दाबायचं. मग कार्ड उघडून हे पुठ्ठ्यासारखं चित्र. झालं."

"आणि त्या दोन कागदांच्या शेजारी काय आहे?"

"ते तो कातर छे. कात्री. ते नाही दाबायचं मासी. त्यानं वाक्य इथून उठून तिकडे जातं. इथं काही राहत नाही."

केशरबाई त्या कात्रीकडे बघत राहिल्या. इवलीशी, दोन गोल कड्यांची कात्री. शेजारी पुठ्ठा.

आणि त्यांना आठवलं, प्रत्येकातून एकच घेणारं माणूस त्यांनी कुठं बघितलं होतं.

५

दुपारी एक वाजता बाजीराव डबा घेऊन गच्चीवर गेले. पंधरा दिवसांपासून ते एकटेच वर जेवत होते. थंडीचं ऊन बरं वाटतं, म्हणत.

केशरबाई पाच मिनिटांनी निघाल्या. जिना चढताना दम लागला म्हणून शेवटच्या पायरीवर थांबल्या. पाण्याच्या टाकीमागून एक बाई बोलत होती.

"जेवून घ्या, गार होतंय."

ठणठणीत आवाज. त्यात खरखर नाही, धाप नाही. केशरबाईंना स्वतःचा तो आवाज आता ओळखीच्या शेजारणीसारखा वाटला.

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. थोडा वेळ काही नाही. मग बटण दाबल्याची टिकटिक आणि पुन्हा तीच बाई.

"मी इथंच आहे."

केशरबाई टाकीला वळसा घालून पुढं झाल्या. बाजीराव भिंतीला टेकून बसले होते. मांडीवर डबा, शेजारी तो छोटा रेडिओ. बायकोला बघून त्यांनी रेडिओवर हात ठेवला, आणि मग झाकून काय उपयोग हे कळून हात काढून घेतला.

त्या शेजारी बसल्या. "कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"दवाखान्याचा कागद आला त्याच दिवशी. भूप्याकडून वाचून घेतला. त्याला शपथ घातली, कोणाला सांगू नको म्हणून."

"डॉक्टर म्हणाले आवाज परत येईल."

"येईल पण लिहिलंय, नाही येणार पण लिहिलंय. त्यानं दोन्ही वाचलं."

"मला का नाही बोलले?"

"तू मला बोलली का?"

खाली कुठंतरी टेम्पो मागं घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली.

"अहो, पण कात्री का दाबली?"

बाजीरावांना प्रश्नच कळला नाही. "मग काय दाबणार? सॅम्पल कात्रीनंच घेतात. वीतभर कापलं म्हणून तागा संपतो का? मी एकेका ताग्यातून एकच घेतला. दोन घेतले नाहीत."

"मशीनमध्ये तागा नसतो हो," केशरबाई हळूच म्हणाल्या. "जेवढा तुकडा, तेवढंच ते. तुम्ही कापला तो तिथून गेलाच."

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला.

"म्हणजे, मी तुझाच आवाज कमी केला?"

६

अडीच वाजता सगळे मशीनच्या खोलीत जमले. बाजीरावांनी आल्या आल्या ऑफिसची किल्ली योगितासमोर टेबलावर ठेवली आणि दाराशी जाऊन उभे राहिले. योगिताला काही कळेना. भूपेंद्रनं मान खाली घातली, त्याला निम्मं कळलं होतं.

केशरबाईंनी पिशवीतून दोन वस्तू काढल्या. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या रिक्षानं घरी जाऊन आल्या होत्या. एक होती जुनी लोखंडी कात्री, पात्यांना करवतीसारखे दात असलेली. दुसरा होता पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर डिंकानं लावलेले साडीचे चौकोनी नमुने, सगळ्यांच्या कडा दातेरी, प्रत्येकाखाली एक आकडा.

त्यांचा आवाज थकला होता म्हणून त्या थोडं थोडं बोलल्या. ह्यांनी अठ्ठावीस वर्षं रिंग रोडच्या मार्केटात नमुने कापले, त्या म्हणाल्या. नवा माल आला की प्रत्येक ताग्यातून एकच तुकडा कापायचा, पुठ्ठ्यावर लावायचा, खाली नंबर टाकायचा. एका ताग्यातून दोन तुकडे कापणाऱ्याला शेठ कामावर ठेवत नसे.

"तुमची वाक्यं पन्नासातून एक अशी गेली. मला यादीत ते दिसलं, पण अर्थ लागला नाही. कात्री आणि पुठ्ठा शेजारी शेजारी बघितले तेव्हा लागला. हे ऑफिसात दुसऱ्या कोणी केलं असतं तर दोन कागदांचं चित्र दाबलं असतं. ह्यांना ओळखीची कात्रीच होती."

"पण कोणतं वाक्य कुठल्या नंबरचं, हे काकांना कसं कळलं?" योगितानं विचारलं.

"मशीन आधी नंबर सांगतं, मग बोलतं. हे चहा घेऊन दाराशी उभे राहायचे. मनासारखं वाक्य येईपर्यंत आत यायचे नाहीत." केशरबाई थोड्या हसल्या. "बारा दिवस तू गार चहा प्यायलीस ना? तो त्याच्यामुळं. आणि काल सवयीनं उभे राहिले, तेव्हा मशीनच अडलेलं."

मग त्यांनी भूपेंद्रची बाजू सांगितली. तो लवकर येत होता तो ऑपरेशनच्या आत काम पुरं व्हावं म्हणून. पुण्याचा आवाज तयार ठेवला तोही म्हणूनच, की केशरबाईंचा पुरा झाला नाही तर योगिताचं दोन वर्षांचं खपणं वाया जाऊ नये. शब्द दिला होता तो बाजीरावांना. योगितानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

चंचलनं कार्ड घेतलं. बाराची बारा वाक्यं त्यात होती, एकही बिघडलेलं नव्हतं. तिनं ती जागच्या जागी लावली. मग, कोणी सांगायच्या आत, दोन कागदांचं चित्र दाबून बाराच्या बारा पुन्हा कार्डात भरली आणि कार्ड बाजीरावांच्या हातात दिलं.

"काका, आता कात्रीला हात नाही लावायचा हं. नहीं तो हुं तमारी आंगळी कापी नाखीश, बोटच कापीन."

बाजीराव हसले नाहीत, पण त्यांचे खांदे खाली आले. योगितानं टेबलावरची किल्ली उचलून त्यांच्या खिशात टाकली. उद्या संस्थेची माणसं यायचीत काका, साडेआठला उघडा, एवढंच म्हणाली.

चाचणी पुन्हा पहिल्यापासून लागली. सदतीस आलं, जुळलं. अठ्ठ्याऐंशी आलं, जुळलं. सगळे रात्री नऊपर्यंत बसले आणि सहाशे खुणा पुऱ्या झाल्या. शेवटी भूपेंद्र म्हणाला, आता एक राहिलं. मावशींनी कधीच न बोललेला एखादा शब्द मशीनला देऊ. तो नीट म्हणता आला तर हा आवाज खरा शिकला.

"कोणता शब्द देऊ, मावशी?"

केशरबाईंनी त्याला बाजूला सरकायला सांगितलं. कळांवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावलेल्या होत्या. एका बोटानं, एक एक अक्षर शोधत त्यांनी शब्द लिहिला. चार अक्षरांना त्यांना बराच वेळ लागला. मग हुकूम दिला.

"बाजीराव," मशीन म्हणालं.

केशरबाईंच्या आवाजात, त्यांच्या चांगल्या दिवसांतल्या आवाजात. बेचाळीस वर्षांत त्या आवाजानं हा शब्द उच्चारला नव्हता.

बाजीराव दाराशी ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी मशीनकडे बघितलं नाही. ट्रे खाली ठेवून ते टेबलापाशी आले.

"हे मशीननं म्हटलं," ते म्हणाले. "तू म्हण."

केशरबाईंनी पदर सारखा केला. पोरांसमोर नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणून त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. भूपेंद्रचा हात सवयीनं आवाज भरून घेण्याच्या बटणाकडे गेला. मग त्यानं तो हात काढून मांडीवर ठेवला.

"बाजीराव," केशरबाई म्हणाल्या. आवाज फाटका होता, मधेच तुटला, शेवटचं अक्षर नुसत्या श्वासाचं झालं.

"ओ," बाजीराव म्हणाले.